समुद्राचा सातबारा

ह्यूस्टनहून आलेल्या एन्रॉन कंपनीच्या अधिकाऱ्यांना भारतात पाऊल ठेवून आठवडाही झाला नव्हता. २० जून १९९२ रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने त्यांच्याशी सामंजस्य करार करून टाकला. आदल्या वर्षी देशाने सोनं गहाण ठेवलं होतं, ती नामुष्की अजून ताजी होती. दिल्लीला परदेशी गुंतवणूक हवी होती आणि मंडळाला वीज. कंपनीला हवा होता किनारा, कारण तिचं वीजकेंद्र परदेशातून जहाजाने येणाऱ्या द्रवरूप वायूवर चालणार होतं. जागा ठरली रत्नागिरी जिल्ह्यात, वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तिथे. वाशिष्ठीच्या उत्तर काठावर दापोली तालुक्यातलं जुनं दाभोळ बंदर आहे. कंपनीने त्याचंच नाव घेतलं, पण केंद्र उभं राहणार होतं दक्षिण काठावर, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल, वेलदूर आणि रानवीच्या जमिनीवर.

या प्रकरणावर पुढे पुष्कळ लिहिलं गेलं. विजेचा दर, डॉलरमधली देणी, हमी आणि प्रतिहमी, शेवटी कंपनीची दिवाळखोरी, हे सगळं आज अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. वेलदूरच्या खारव्यांनी आणि अंजनवेलच्या बागायतदारांनी काय विचारलं होतं, हे मात्र फार थोड्यांना सांगता येईल. पैशांच्या हिशेबात महाराष्ट्र फसला, हे सरकारने उशिरा का होईना मान्य केलं. किनाऱ्याच्या प्रश्नांना कोणी उत्तरच दिलं नाही. ते अनुत्तरित प्रश्न पुढे दक्षिणेकडे सरकत माडबनला गेले, तिथून नाणारला आणि बारसूला. ही हकिकत त्या प्रश्नांची आहे.

आधी तो मुलूख. अंजनवेलला गोपाळगड आहे, वाशिष्ठीच्या मुखावर पहारा ठेवणारा. किल्ल्याच्या बाहेर कातळाचा सडा पसरलेला. पावसाळ्यात त्यावर गवत आणि रानफुलं, उन्हाळ्यात नुसता जांभा दगड तापत पडलेला. सड्याच्या उतारावर आंबा आणि काजू, खाली सखल भागात भाताची खाचरं. खाडीकडच्या अंगाला वेलदूर, मच्छीमारांचं गाव. पुरुष समुद्रावर जायचे आणि बायका टोपल्या घेऊन बाजाराला. घरटी एखादा तरी माणूस मुंबईला, लालबाग-परळच्या खोलीत. त्याची मनिऑर्डर, घरची भाकरी आणि खाडीची मासळी यांवर संसार चालायचा. गरिबी होती, ती कोणी नाकारलेली नाही. पण त्या गरिबीला आधार होता तो जमीन आणि पाणी या दोनच गोष्टींचा, आणि प्रकल्पाला नेमक्या त्याच लागणार होत्या.

८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदीचा करार झाला. दाभोळ पॉवर कंपनीत एन्रॉनचा वाटा ८० टक्के होता. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा प्रत्येकी १० टक्के. क्षमता दोन टप्प्यांत २००० मेगावॉटच्या पुढे जायची होती. देशातली तोवरची ती सर्वांत मोठी परदेशी गुंतवणूक. करारातली मेख अशी, की मंडळाने वीज उचलली नाही तरी ठरलेला स्थिर आकार भरायचाच, आणि तोही डॉलरच्या दराशी बांधलेला. कराराच्या आधीच, एप्रिल १९९३मध्ये, जागतिक बँकेने या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला होता. बँकेचं म्हणणं सरळ होतं: प्रकल्प राज्याच्या गरजेच्या मानाने फार मोठा आहे, आयात वायूची वीज महाग पडेल आणि ती घेण्यासाठी मंडळाला आपली कोळशावरची स्वस्त वीज बंद ठेवावी लागेल. सरकारने हा सल्ला बाजूला सारला. राज्याने हमी दिली आणि १९९४मध्ये केंद्राने तिच्यावर प्रतिहमी दिली.

या सगळ्या काळात अंजनवेल-वेलदूरच्या लोकांना अधिकृतपणे कोणी काही विचारलं का? नाही. आणि त्यात बेकायदेशीर असंही काही नव्हतं, हे समजून घेतलं पाहिजे. पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास सक्तीचा करणारी केंद्राची अधिसूचना जानेवारी १९९४ची. जनसुनावणी सक्तीची झाली ती एप्रिल १९९७मध्ये. तोवर दाभोळच्या कामाला सुरुवात होऊन गेली होती. ज्या गावाच्या अंगणात देशातला सर्वांत मोठा परदेशी प्रकल्प येत होता, त्या गावाला तोंड उघडायला कायद्याने जनसुनावणीचा एक दिवससुद्धा दिला नव्हता. गावकऱ्यांच्या हाती आल्या त्या भूसंपादनाच्या नोटिसा.

तरीही लोक बोलत राहिले. त्यांचे प्रश्न अगदी रोजच्या जगण्यातले होते. मोठं बांधकाम, हजारो कामगार आणि त्यानंतर केंद्र, या सगळ्यांना गोडं पाणी कुठून आणणार? मार्च-एप्रिलमध्ये कोकणातल्या विहिरी तळ गाठतात, डोक्यावर हंडे घेऊन बायका मैलभर चालतात, हे मंत्रालयात कोणाला ठाऊक आहे का? केंद्रातून समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याने मासळी कुठे जाईल? वायूची जहाजं येणार म्हणजे धक्का आणि लाटरोधक बांध येणार. मग आमच्या होड्यांना वाट कुठली? नोकऱ्या मिळतील म्हणता, त्या आमच्या पोरांना की बाहेरच्यांना? हे प्रश्न भीतीपोटी कल्पनेतून काढलेले नव्हते. वाशिष्ठीच्या वरच्या अंगाला लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत आली होती, तिचं सांडपाणी खाडीत उतरत होतं आणि मेलेल्या मासळीचा थर खाडीकाठच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता. ‘काही होणार नाही’ हे आश्वासन त्यांनी एकदा ऐकलेलं होतं.

आणि या सगळ्याच्या तळाशी एक मोठी अडचण होती, ती आजही पुरती सुटलेली नाही. भूसंपादनाचा तेव्हाचा कायदा सातबारा वाचायचा. ज्याचं नाव उताऱ्यावर, तो खातेदार; मोबदला त्याला आणि प्रकल्पग्रस्ताचा दाखलाही त्यालाच. समुद्राला सातबारा नसतो. ज्या खारव्याच्या चार पिढ्या एका ठरावीक पट्ट्यात जाळं टाकत आल्या, त्याच्या त्या पट्ट्याची नोंद कुठल्याच तलाठ्याच्या दप्तरात नाही. मासे विकणाऱ्या बाईची नाही, खाडीच्या चिखलात तिसऱ्या वेचणाऱ्या म्हातारीची नाही, दुसऱ्याच्या बागेत राखण करणाऱ्या गड्याचीही नाही. प्रकल्पाने ज्यांचं सर्वांत जास्त जाणार, ते कागदावर प्रकल्पग्रस्तच नव्हते. मला वाटतं, वेलदूर आंदोलनात इतकं पुढे का राहिलं याचं उत्तर इथे आहे. जमीनवाल्याला निदान भावाची घासाघीस करता येत होती. मच्छीमाराशी बोलायला कोणी टेबल मांडलंच नव्हतं.

पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेतल्या गिरीश संत, शंतनू दीक्षित वगैरे अभ्यासकांनी कराराचे आकडे उकलून दाखवले. मुंबईत कामगार संघटना न्यायालयात गेल्या. त्यांचा सूर आर्थिक होता आणि तो योग्यच होता. पण वृत्तपत्रांत जागा मिळाली ती याच वादाला. गावाचा वाद ‘स्थानिक विरोध’ या दोन शब्दांत आटोपला जाई. अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे एन्रॉनच्या लिंडा पॉवर्स यांनी सांगितलं, की भारतात लोकांना ‘शिक्षित’ करणं आणि प्रकल्पाची पूर्वतयारी यांवर कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले. हे शिक्षण कोणाला मिळालं यावर पुढे महाराष्ट्रात बराच गदारोळ झाला. वेलदूरच्या वाट्याला त्यातलं काही आल्याचं दिसत नाही.

१९९५ची निवडणूक एन्रॉनवर लढवली गेली. गोपीनाथ मुंडे सभासभांतून प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा करत होते. शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं, मुंडे यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी करार रद्द केल्याची घोषणा केली. सप्टेंबरमध्ये सरकार मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि करारात फसवणूक आणि गैरव्यवहार झाल्याचा आरोप केला. गुहागरच्या लोकांना वाटलं, आपण जिंकलो. नोव्हेंबरात एन्रॉनच्या रिबेका मार्क बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या. १९९६च्या जानेवारीत सुधारित प्रकल्पाला मान्यता मिळाली आणि न्यायालयातला दावा मागे घेतला गेला. नव्या करारात क्षमता कमी झाली नव्हती, उलट वाढून २१८४ मेगावॉटवर गेली होती. मे महिन्यात दिल्लीत तेरा दिवसांचं सरकार आलं, त्या तेरा दिवसांतही प्रतिहमीला मंजुरी द्यायला वेळ मिळाला. डिसेंबरात उच्च न्यायालयाने कामगार संघटनेची याचिका फेटाळली. सरकारने दोन वेळा दोन तोंडांनी बोलावं यावर मात्र कडक ताशेरे ओढले. आणि काम पुन्हा सुरू झालं.

फसवणूक झाल्याचा आरोप ज्या सरकारने शपथेवर केला, त्याच सरकारने वर्षभरात त्याच कंपनीसाठी पोलीस उभे केले. गुहागरच्या आंदोलकाला १९९६-९७मध्ये जे भोगावं लागलं ते या वाक्याशिवाय समजत नाही. १९९५पर्यंत त्याला सरकार आपल्या विरोधात आहे हे माहीत होतं. आता त्याला कळलं, की सरकार कोणतंही असो, प्रश्न विचारणारा तो एकटाच.

मुंबई पोलीस कायद्याच्या कलम ३७खाली जमावबंदीचे आदेश निघत राहिले. प्रतिबंधात्मक अटका, तडीपारीच्या नोटिसा, ठाण्यावर हजेरी असा सिलसिला सुरू झाला. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी प्रकल्पावर तैनात झाली; तिचा खर्च कंपनी देत होती, असं न्यूयॉर्कच्या ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने पुढे आपल्या अहवालात नोंदवलं. मेधा पाटकर आणि इतर कार्यकर्त्यांना अटक झाली.

३ जून १९९७ची पहाट. पावसाळा तोंडावर आलेला, वेलदूरचे बहुतेक पुरुष समुद्रावर होते. पोलिसांच्या गाड्या गावात शिरल्या. घरांची दारं तोडली गेली, झोपेतल्या बायकांना ओढून बाहेर काढलं गेलं, लाठ्या बसल्या. अटक झालेल्यांत २६ स्त्रिया होत्या आणि १३ पुरुष. त्यांत एक स्त्री गर्भवती होती. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी या घटनेची नोंद घेतली आणि जानेवारी १९९९मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने सविस्तर अहवाल काढून राज्य सरकारबरोबर कंपनीलाही जबाबदार धरलं. एका खासगी कंपनीवर मानवी हक्कांच्या उल्लंघनात सहभागाचा ठपका ठेवणारा इतका मोठा अहवाल त्या काळी नवलाचा होता. जगभर तो वाचला गेला. महाराष्ट्राच्या विधिमंडळात वेलदूरच्या बायकांची कोणी माफी मागितल्याचं माझ्या वाचनात नाही.

मे १९९९मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, तोही वायूवर नव्हे तर नाफ्थावर. पुढची गोष्ट झपाट्याने घडली. नाफ्था महागला, रुपया घसरला आणि २०००च्या उत्तरार्धात काही महिने दाभोळची वीज मंडळाला युनिटमागे सात रुपयांच्या वर पडू लागली. मंडळाची कंबर मोडली. जानेवारी २००१मध्ये मंडळाने कंपनीला ४०१ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, कंपनीने हमी वसूल करायला काढली. माधव गोडबोले यांच्या समितीने एप्रिलमध्ये अहवाल दिला आणि कारभार कुठे कुठे कोसळला ते स्पष्ट सांगितलं. मेअखेर केंद्र बंद पडलं. २ डिसेंबर २००१ रोजी खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळं काढलं.

त्यानंतरची काही वर्षं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत भयंकर भारनियमन होतं. शेतकरी रात्री जागून मोटार सुरू करत होते आणि गुहागरच्या किनाऱ्यावर अब्जावधी रुपयांची यंत्रं गंजत उभी होती. २००५मध्ये एनटीपीसी आणि गेल यांची रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन करून केंद्र ताब्यात घेतलं गेलं, पुढच्या वर्षी ते पुन्हा फिरू लागलं, पुढे गॅस मिळेना म्हणून परत थांबलं. ज्या जागतिक बँकेच्या इशाऱ्याला केराची टोपली दाखवली होती, तो शब्दशः खरा ठरला. त्याबद्दल समित्या बसल्या, पुस्तकं आली. पण विहिरींचं काय झालं, खाडीतली मासळी किती घटली, गावातल्या किती पोरांना कायमची नोकरी लागली, याचा हिशेब एकाही समितीच्या कार्यकक्षेत नव्हता.

हे सगळं घडत असताना रत्नागिरी जिल्ह्याच्याच दक्षिण टोकाला, राजापूर तालुक्यात, दुसऱ्या एका सड्यावर सरकारचं बोट ठेवलेलं होतं. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली, वरीलवाडा. न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनचा प्रकल्प, नाव जैतापूर. फ्रान्सच्या अरेवा कंपनीच्या प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट. एवढं मोठं अणुवीजकेंद्र जगात कुठेच नव्हतं. जमीन सुमारे ९३८ हेक्टर. भूसंपादन २००६च्या सुमारास सुरू झालं आणि २०१०च्या जानेवारीपर्यंत जमीन सरकारजमा झाली. पण २३००हून अधिक खातेदारांपैकी पहिल्या फेरीत धनादेश घेणारे जेमतेम शंभराच्या आसपास निघाले. मोबदल्याचा आकडा पुढे वाढत वाढत २०१३मध्ये हेक्टरी साडेबावीस लाखांवर गेला. सुरुवातीला तो चौरस फुटाला तीन-चार रुपयांच्या घरात होता.

सरकारच्या कागदांत ही जमीन मोठ्या प्रमाणावर पडीक आणि खडकाळ होती. कोकणाबाहेरून आलेला माणूस मे महिन्यात सड्यावर उभा राहिला तर त्यालाही तसंच वाटेल. पण त्याच कातळात सुरुंग लावून, खड्डे खणून, बाहेरून माती आणून भरून हापूसच्या बागा उभ्या केलेल्या असतात. एक कलम धरायला लागायला वर्षं जातात. सड्यावरच्या गवतावर गुरं जगतात. पावसात याच कातळाच्या भेगांतून पाणी झिरपून खालच्या वाडीच्या विहिरीत उतरतं. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने या परिसराची पाहणी केली तेव्हा तिथली जैवविविधता किती समृद्ध आहे ते पुढे आलं. पडीक हा शेरा महसूल खात्याचा. तिथे राहणाऱ्या कोणाचाही तो नव्हता.

यावेळी जनसुनावणी होती. दाभोळच्या वेळी जे नव्हतं ते कायद्याने आता दिलं होतं. १६ मे २०१० रोजी माडबनला ती झाली. मूळ अहवाल नागपूरच्या नीरी या संस्थेने केलेला, इंग्रजीत, जाडजूड. त्याचं मराठी रूप सगळ्या गावांना वेळेत आणि पूर्ण मिळालं नाही ही लोकांची पहिली तक्रार होती. भूसंपादन आधीच उरकलेलं असताना सुनावणी कशाची, ही दुसरी. या दुसऱ्या तक्रारीला मी आजवर समाधानकारक उत्तर ऐकलेलं नाही. मुलीचं लग्न लावून झाल्यावर तिला पसंती विचारावी तसा हा प्रकार होता. २८ नोव्हेंबर २०१० रोजी पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ३५ अटी घालून मंजुरी दिली. आठवड्याभरात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी दिल्लीत आले आणि ६ डिसेंबरला करारावर सह्या झाल्या. मंजुरी आणि पाहुण्यांचा दौरा यांच्यातलं अंतर लोकांच्या नजरेतून सुटलं नाही.

खाडीपलीकडचं साखरी नाटे हे या लढ्यातलं वेलदूर. प्रामुख्याने मुस्लिम मच्छीमारांचं गाव, मोठी मासळी उतरते असं बंदर. नाट्याची जमीन प्रकल्पात जात नव्हती, म्हणून नाटे प्रकल्पग्रस्तांच्या यादीत नव्हतं. पण केंद्र सहाही अणुभट्ट्यांनिशी चाललं असतं तर दिवसाला सुमारे ५२०० कोटी लिटर पाणी समुद्रातून घेऊन, आजूबाजूच्या पाण्यापेक्षा पाचेक अंश गरम करून परत सोडलं जाणार होतं. अणुकेंद्राभोवती सुरक्षेचा घेरा असतो, तोही समुद्रातच पडणार. मग बोटी कुठून न्यायच्या? पाच अंशांनी काही बिघडत नाही असं शास्त्रज्ञ सांगत. बांगडा आणि तारली कुठल्या पाण्यात येतात, कुठल्या पाण्याला पाठ दाखवतात, हे जन्मभर पाहिलेल्या माणसाला ते पटत नव्हतं, आणि त्याचं ज्ञान तपासून पाहण्याची तसदी अहवालाने घेतली नव्हती.

माडबनची जनहित सेवा समिती, नाट्याचे मच्छीमार, मुंबईतले चाकरमानी, माजी न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील, नौदलाचे माजी प्रमुख अॅडमिरल एल. रामदास अशी विलक्षण माणसं या लढ्यात एकत्र आली. हिंदू बागायतदार आणि मुस्लिम मच्छीमार एका मांडवात बसले. फूट पाडायचे प्रयत्न झाले तरी ही सोयरीक तुटली नाही. प्रशासनाने पुन्हा जुनाच पेटारा उघडला: जमावबंदी, जिल्हाबंदी, खटले. शाळांतून मुलांना अणुऊर्जेचे फायदे सांगण्याचा घाट घातला गेला, तेव्हा पालकांनी काही दिवस मुलं शाळेत पाठवणंच बंद केलं. २६ फेब्रुवारी २०११ रोजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः माडबनला आले, लोकांनी समोरासमोर नकार ऐकवला. त्यानंतर दोन आठवड्यांनी, ११ मार्चला, जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली आणि फुकुशिमाच्या अणुभट्ट्या हाताबाहेर गेल्या. समुद्रकाठच्या अणुकेंद्राचं काय होऊ शकतं, हे आता माडबनमध्ये कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

१८ एप्रिल २०११. प्रकल्पस्थळावर सुरू झालेल्या कामाविरुद्ध लोक उठले, नाट्यात पोलीस ठाण्यावर जमाव चालून गेला आणि पोलिसांनी गोळीबार केला. एक तरुण मच्छीमार मारला गेला. तारापूरहून जैतापूरला निघालेली पदयात्रा त्याच आठवड्यात वाटेतच अडवली गेली. तारापूर हे नाव यात्रेसाठी निवडण्याला कारण होतं. देशातलं पहिलं अणुवीजकेंद्र १९६९पासून तिथे आहे आणि त्याच्या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली गेली होती. सरकारचं पुनर्वसन कसं असतं ते या लोकांना विचारता येत होतं.

जैतापूरचा प्रकल्प आजवर उभा राहिलेला नाही. त्याचं श्रेय एकट्या आंदोलनाला देणं खरं होणार नाही. याच जातीची अणुभट्टी फिनलंडमधल्या ओल्किलुओटोला २००५मध्ये बांधायला घेतली, ती २००९मध्ये सुरू व्हायची होती. नियमित वीज द्यायला तिला २०२३चा एप्रिल उजाडला. फ्रान्समधल्या फ्लामांव्हिलची, २००७मध्ये सुरू झालेली, ग्रीडला जोडली गेली २०२४च्या डिसेंबरात. खर्च दोन्हीकडे अनेक पटींनी वाढला. अरेवा डबघाईला आली, तिचा अणुभट्ट्यांचा धंदा ईडीएफ या सरकारी कंपनीने घेतला आणि तिने २०२१मध्ये जैतापूरसाठी नवा प्रस्ताव दिला. दर किती आणि अपघात झाला तर भरपाई कोणी करायची, या दोन प्रश्नांवर बोलणी अडत राहिली. हे दोन्ही प्रश्न माडबनच्या सभांमध्ये २०१०मध्ये विचारले जात होते. तेव्हा विचारणाऱ्यांना विकासविरोधी म्हटलं गेलं.

मग नाणार. १८ मे २०१७ची एमआयडीसीची अधिसूचना, तीन सरकारी तेल कंपन्यांची भागीदारी, वर्षाला सहा कोटी टन तेल शुद्ध करणारा कारखाना, तीन लाख कोटींची गुंतवणूक, २०१८मध्ये सौदी अरामकोशी करार. राजापूर-देवगडच्या गावांनी ग्रामसभांतून विरोधाचे ठराव केले. मार्च २०१९मध्ये, लोकसभेची युती जुळवताना, अधिसूचना मागे घेतली गेली. तीन वर्षांत राजापूर तालुक्यातल्याच बारसूचं नाव पुढे आलं. नाणारला विरोध करणाऱ्या पक्षाचेच मुख्यमंत्री तेव्हा राज्यात होते; जानेवारी २०२२मध्ये उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना लिहिलेल्या पत्रात बारसूची जागा सुचवली होती. सत्ता गेल्यावर मे २०२३मध्ये ते बारसूला आंदोलकांच्या भेटीला गेले. गोपीनाथ मुंडे यांच्या १९९५च्या भाषणांपासून पाहिलं तर या किनाऱ्यावरच्या राजकारणाचा हा ठरलेला क्रम आहे. विरोधी बाकांवरून आंदोलकाच्या खांद्यावर ठेवलेला हात खुर्ची मिळताच निघतो. एकही मोठा पक्ष याला अपवाद राहिलेला नाही.

बारसूचा सडा तर नुसता सडा नाही. तिथे कातळशिल्पं आहेत, हजारो वर्षांपूर्वी माणसाने जांभ्यात कोरलेल्या आकृती. कोकणातल्या अशा ठिकाणांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत २०२२मध्ये समावेश झाला, त्यात बारसूचं नाव आहे. फेब्रुवारी २०२३मध्ये या प्रकल्पाशी संबंधित जमीनव्यवहारांवर लिहिणारे राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिसे यांना गाडीखाली चिरडण्यात आलं. पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. एप्रिलअखेर माती परीक्षणाची यंत्रं सड्यावर आली, तेव्हा बायका रणरणत्या उन्हात तापलेल्या रस्त्यावर आडव्या झाल्या. त्यांना उचलून गाड्यांत भरलं गेलं. २८ एप्रिलला अश्रुधुराची नळकांडी फुटली. जमावबंदीचे आदेश होतेच, जिल्हाबंदीच्या नोटिसाही होत्या.

वेलदूरच्या त्या पहाटेला तेव्हा सव्वीस वर्षं होत आली होती. जनसुनावणीची सक्ती त्या पहाटेच्या थोडी आधीच झाली होती, आणि दरम्यान २०१३मध्ये ब्रिटिशांचा भूसंपादन कायदा जाऊन नवा आला. त्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे, खासगी आणि संयुक्त प्रकल्पांना जमीनमालकांच्या संमतीची अट आहे, आणि ज्याची रोजीरोटी जाते त्यालाही बाधित मानलं आहे. मच्छीमार त्या व्याख्येत पहिल्यांदा कुठेतरी दिसू लागला. पण एमआयडीसी आपल्या १९६१च्या कायद्याखाली जमीन घेते, नाणारची अधिसूचनाही त्याच कायद्याखाली निघाली होती, आणि त्या वाटेने गेलं की संमतीची अट लागत नाही. राजापूरच्या ग्रामसभांनी ठराव करून ठेवले आहेत. प्रत्येक ठरावावर तारीख आहे, सरपंचाची सही आहे, गावकऱ्यांच्या सह्या आणि अंगठे आहेत. जमीन मागण्याआधी हे ठराव वाचायला घ्या, एवढंच या गावांचं मागणं आहे.